नमुना क्रमांक एकशे बारा

चोपड्याच्या कॉलेजात मी बाटल्या धुतो.
एकोणीस वर्षं.
मे महिन्यात नळाचं पाणीसुद्धा
हाताला चटका देतं.

सरांना शेवाळ हवं होतं.
शेवाळ नव्हे हिलाल, हरिता, म्हणाले.
शेवाळ पाण्यात, हरिता काठावर.
मधे कुठेतरी घसरतो तो मी.

वैजापूरच्या पुढे उमरपाण्याचा नाला.
दुरसिंग पावरा पुढे, मागे मी,
सर जीपमध्येच. गुडघा.

तुमच्यात काय म्हणतात याला?
तो हसला. नाव नाही.
इथे पाय जपून ठेव, एवढंच म्हणतो आम्ही.

त्यानंच दाखवलं: दगडाच्या सावलीकडच्या अंगाला,
पाणी वाहत नव्हतं, नुसतं पाझरत होतं तिथे,
बोटभर हिरवं.
दोन्ही बाजूंनी विंचरलेली पानं,
मधोमध भांग पाडून शाळेला निघाल्यासारखी.
मूळ नाही. नुसतं धरून राहणं.
सुरीनं खरवडलं तर मातीसकट आलं,
मातीबरोबर एक मुंगीही.

केळीचे भाव छापलेल्या कागदात बांधून आणलं.
सरांनी चिठ्ठी लिहिली:
लॅटिन नाव, पुढे प्रश्नचिन्ह.
स्थानिक नाव, रेघ.
संग्राहक, स्वतः सर.
दुरसिंग त्या चौकोनात मावला नसता असं नाही.

मग सर नाशिकला गेले, मुलाकडे.
लोखंडी कपाटावर पत्र्याचं छप्पर,
पत्र्यावर सहा उन्हाळे.

परवा कपाट रिकामं करायचा हुकूम आला.
एकशे बारा उघडलं. आत चहाचा चोथा.
हातात धुवायला घेतलेला ड्रॉपर होता,
त्यात एक थेंब उरलेला.
कुणी बघत नव्हतं.

आधी काहीच नाही.
मग एका टोकानं मान वळवल्यासारखं केलं.
मग शेजारच्यानं.
चहा निवायच्या आत
अख्खा वर्ग उठून उभा.

मरेल नही, मी मोठ्यानं म्हणालो, झोपेल शे.
रिकाम्या प्रयोगशाळेत अहिराणी
जरा जास्तच घुमते.

सर असते तर म्हणाले असते,
हे जगणं नव्हे हिलाल, हे फुगणं.
असेल.
मी पेन्सिल घेतली. संग्राहकापुढे दुरसिंग लिहिलं,
आणि स्थानिक नावाची रेघ खोडून
पाय जपून ठेव.

मुंगी मात्र
दुसऱ्या थेंबानंही हलली नाही.