समुद्र उतरतोय

निंभोऱ्याच्या मळ्यात पाय ठेवला
तरी जमीन अजून हलतेच आहे.
अप्पा म्हणाले, चक्कर येऊन राह्यली का?
म्हटलं, नाही, समुद्र उतरतोय.

तेवीस दिवस नुसतं पाणी.
अडतीस फुटांची होडी, चौघं माणसं,
माझी पाळी बारा ते चार.
इथं रात्रीची लाईट येते मोटारीला
तीच वेळ, तेवढंच जागरण.

वारा पडला की शीड
ओल्या धोतरासारखं लोंबायचं.
येन्स ओठ मिटून बसायचा.
वाऱ्याला नावं ठेवायची नाहीत
हा होडीवरचा नियम.
मला हसू यायचं.
मी वाऱ्याला शिव्या देणाऱ्या घरची.
मे महिन्यात, घड भरत आलेले असताना
सातपुड्याकडून धूळ उठली
की अप्पा ओट्यावर उभे राहून
त्याच्या सात पिढ्या काढायचे.

चोविसाव्या सकाळी
बेटाचा आधी वास आला, चुलीच्या धुराचा.
मग डोंगर.
आम्ही पिवळा झेंडा चढवला:
आलोय, पण अजून तुमच्यात धरू नका.
कचेरीतल्या बाईनं विचारलं, घर कुठं?
मी लिहिलं, निंभोरा.
तिनं ते दोनदा वाचलं
आणि शिक्का मारला.

चढावर, दुसऱ्याच वळणाला, केळी.
घडांना निळ्या पिशव्या, खोडांना दोरीचे ताण.
ऑगस्टीन नावाचा म्हातारा पिलं काढत होता.
मी कोयता मागितला, चार काढली.
तो माझ्या मनगटाकडे बघत राहिला,
मग त्यानं दाखवलं, गेल्या वादळात काय झालं ते:
उभा हात
हळूहळू आडवा,
तळवा जमिनीला टेकेस्तोवर.
त्या हाताचा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही.

अप्पांनी समुद्राचं ऐकून घेतलं.
मासा उडतो, हे मानलं नाही.
ऑगस्टीनपाशी मात्र थांबले.
किती खोडं व्हते त्याचे?
सहाशे असतील.
उठले का पुन्हा?
म्हटलं, कंद शाबूत होते.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग पुढच्या कलत्या खोडाला बांबू लावला,
सुतळी दातात धरली,
आणि म्हणाले, धर व माय,
हालू नको.

मी धरलं.
हलत होते.