म्हशीला आधी कळलं

माझ्याआधी ते चंद्रीला कळलं.
पहाटे चारला आचळाला हात लावला
आणि ती अंग चोरून मागं सरकली.
आठ वर्षं याच हाताला पान्हा सोडला होता तिनं.

म्हटलं, गारठा असेल,
रंकाळ्यावरनं वारं येतंय.
दीर इराप्पा म्हणाला,
"म्हशीवाल्याची बोटं, वैनी. दुखायचीच की."
त्याचीही दुखतात, पण रात्री,
आणि जरा टेकलं की थांबतात.
माझी निजल्यानं गोठायची
आणि कामानं हळूहळू सुटायची.
एवढा फरक नीट सांगता येईना,
त्यातच चार महिने गेले.

मूठ वळेना. वळली की उघडेना.
हंड्यातल्या ऊन पाण्यात हात बुडवून बसायची,
तोवर गंगावेशीत कट्ट्यावर
पेला घेऊन गिऱ्हाईक उभं.
त्याला फेस हवा, माझी कारणं कशाला?
नऊ वाजता हात परत माझे व्हायचे.
मग कुणाला दाखवायचं, आणि काय?

दुपारी अंगात कणकण.
भांडी तशीच टाकून झोपायची मी,
आणि झोपून उठल्यावर जास्त दमलेली.
फरशीवरनं चालताना
चवड्याखाली कुणीतरी वाटाणे पेरलेले.
डाव्या पायाची जोडवी निघेनात.
पंधरवड्यात उजव्याचीही.

संक्रांतीला जैबूनबी आली बांगड्या भरायला.
तिनं माझा हात दाबला,
मी ओरडले, तिनं सोडला.
मग दुसरा मागितला.
दोन्ही मांडीवर घेऊन
अंगठ्यानं एकेक पेर चाचपत गेली,
नखाकडची नव्हेत, मुळाकडची.
"गरम हायती गं. आणि मऊ सुजल्यात,
भिजल्या हरभऱ्यागत.
म्हशीनं लाथ मारली तर एक हात सुजतो.
हे दोन्ही सारखेच."
मग बराच वेळ काचा पुसत बसली.
"माझ्या भनीनं सात वर्षं तेलं चोळली.
आता तिला मीसुद्धा बांगडी भरू शकत न्हाई.
तू उद्याच जा."

सीपीआरला तिसऱ्या खिडकीवर रांग.
डॉक्टरीण पोरसवदा, हात गार.
"सकाळी बोटं किती वेळ आखडतात?"
घड्याळ कुठं बघते मी?
म्हटलं, तीन म्हशी होईपर्यंत.
ती हसली नाही.
"एका म्हशीला किती मिनिटं?"
असं विचारून तिनं गुणाकार केला
आणि कागदावर लिहिला.
मग रक्त, मग फोटो,
मग तो लांबलचक शब्द.
"घरात कुणाला होतं?"

नाही म्हणणार होते.
तेवढ्यात आई दिसली,
चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरलेली,
बोटं न वाकवता, तीर्थ धरावं तशी.
आम्ही पोरं हसायचो,
बघा, चहालासुद्धा नमस्कार करते.

आता आठवड्यातनं एकदा गोळी, सोमवारी.
मूठ अजून पुरती वळत नाही.
चंद्री मान वळवून हात हुंगते,
कधी पान्हा सोडते, कधी नाही.
आणि मी
धाकटीला रोज सकाळी
उगीचच म्हणते,
मूठ वळून दाखव बघू.