बाविसावा आठवडा

करमल घाट उतरत आलो होतो.
शेवटच्या दोन वळणांत झाडं जराशी मागे सरतात,
तिथे पुढचा डावा टायर फुटला.
आवाज फटाक्यासारखा नव्हता.
जमिनीखालून कुणी दार आपटावं तसा,
आणि मग चिंध्यांची फडफड.

गाडी डावीकडे ओढू लागली.
डावीकडे काय आहे ते मी पाहिलं नाही.
समोरून चिऱ्यांचा ट्रक.
बाजूच्या सीटवरून सगुण ओरडला,
ब्रेक! अगो ब्रेक मार!
चौतीस वर्षांत त्याचं न ऐकण्याची
ही कितवी वेळ, मोजलेलं नाही.
पण कामाला आली.

बाबा केपें-मडगाव कारेर चालवायचे.
मला शिकवलं ते रिकाम्या शेतात, भातकापणीनंतर,
आणि सगळं मिळून एवढंच सांगितलं:
हात घट, पांय ल्हवू.
फुटल्या चाकावर ब्रेक मारलास
तर गाडी त्या बाजूला गुडघा टेकते,
आणि तिच्या पाठीवरचं सगळं घर
तिच्याच मानेवर येतं.

म्हणून पाय उचलला. हळू,
तव्यावरून पहिलं घावन सोडवावं तसा.
हात असे घट्ट की बांगडी मनगटात रुतली.
गाडी दुसऱ्या गियरात, तिची तीच दमत गेली.
ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.
रस्ता रुंद झाला तिथे कडेला घेतली,
चारी दिवे लुकलुकत ठेवले,
मागच्या चाकाला धोंडा लावला.
सगुण लाल त्रिकोण घेऊन पन्नास पावलं मागे गेला,
पावलं मोठ्याने मोजत,
दिसत नाही म्हणून.

मागे सिंकमध्ये भांडी फुटलेली.
टाकीत शंभर लिटर पाणी, खाटेखाली
भावाला द्यायचे सोललेले नारळ, तांदळाची अर्धी गोणी,
आणि सगुणच्या आईचा रगडा.
रगडा कशाला, मी विचारलं होतं.
कुठेही इडली करता येईल, तो म्हणाला होता.

गुळ्याचा पुरसो वेळीप मोटारसायकलवरून आला, जॅक पाठीला बांधून.
आधी मातीवर फळी टाकली, तिच्यावर जॅक.
नट सैल केले ते गाडी उचलण्याआधी.
बोलला काहीच नाही.
मग फाटका टायर उलटा करून
अंगठ्याने चिखल पुसला,
चार आकडे दाखवले. दोन दोन एक पाच.

पंधरा सालचा बाविसावा आठवडा.
म्हणजे ह्या गाडीत खाट बसवली ते वर्ष.
चवथ झाली की जाऊ, म्हणायचो.
मग शिगमो झाला की.
मग सगुणच्या डोळ्यांतलं पाणी वाढलं,
गाडी अंगणात आंब्याखाली उभी राहिली,
तिच्यावर पानं, मांजराची पिल्लं, सात वर्षं.
नक्षी अजून खोल आहे की, सगुण म्हणाला.
निघताना लाथ मारून पाहिलेली मी.
पुरसो पहिल्यांदाच हसला.
नक्षी न्हय दादा. पिराय जाल्या ताची.
उभ्या उभ्या पण जाता.

स्टेपनी काढली. तीही त्याच आठवड्यातली.

तीवरच रांगत बाळ्ळीला परत गेलो,
सहा टायर नवे घेतले.
सगुणने बिल घडी घालून खिशात ठेवलं,
आकडा विचारला नाही.
रगडा पुरसोच्या बायकोकडे ठेवला, परतताना नेऊ म्हणून.

आता गालजीबागला आहोत.
हवा बघायची ती सकाळी, टायर थंड असताना,
ऊन लागलं की माप खोटं बोलतं.
माझे गुडघे वाकत नाहीत.
सगुण वाळूत बसतो, चाकाशी कान लावल्यासारखा,
आणि रबरावरचे आकडे
बोटांनी वाचून सांगतो.
एकदा वाचले, परत वाचतो.
पुरे रे, मी म्हणते, तेच आहेत कालचे.
थांब गो, म्हणतो,
हा तीन आहे का आठ?