तीन शतांशाची फट

व्ही सेक्टरच्या मागच्या गल्लीत
चटईच्या कारखान्याला लागून आमचं टूलरूम.
रात्रीचा दीड वाजला तरी पत्रा अजून दुपारचाच.
पाण्याचा घोट घेतला तरी
जिभेला टाकीतल्या तेलाचा वास.

आज ठिबकच्या साच्यात टॅप तुटला.
माझ्याच हातून. कट्ट.
दोन आठवड्यांचं काम
आणि भोकात अडकलेला
साच्याहून दुप्पट कडक तुकडा.
ड्रिल लावलं तर ड्रिल मरेल,
ठोकलं तर साचा.
शेठना अजून सांगितलेलं नाही.

तांब्याची काडी घासून घासून
टॅपच्या गाभ्याएवढी केली,
डायल लावून सरळ केली
आणि उतरवली तेलात,
टेकू न देता.

टेकली तर शॉर्ट, लाल दिवा, सगळं ठप्प.
लांब राहिली तर काहीच नाही,
दोन धातू आपापल्या जागी गप्प.
मध्ये तीन शतांशाची फट हवी.
तेवढ्यातूनच ठिणगी उडी घेते,
एक कण वितळतो, तेल त्याला वाहून नेतं,
परत फट, परत ठिणगी,
सेकंदाला हजारो वेळा,
आणि बाहेर ऐकू येते
कुणाच्या तरी घरची फोडणी.

हे उखर्डू मिस्तरींनी शिकवलं.
आधीची तीन लेकरं जगली नाहीत
म्हणून आईने यांना उकिरड्यावर ठेवून
परत उचललं. नाव तेच राहिलं.
"कडक शे का नरम, हाई मशीन इचारत नही, माय.
वीज जास का, तेवढंच इचारस."
लाकूड, दगड, काच तिला दिसतच नाहीत.
लोखंडावर गंज असला तरी कुरकुरते;
कानशीने एक कोपरा उजळ करून द्यावा लागतो.

ॲल्युमिनियम भराभर जातं, बोलघेवड्या पाहुण्यासारखं.
पितळ शहाणं.
तांबं फसवं. वाटतं हे तर विजेचंच सोयरं,
पण दिलेली ऊब ते जागेवर ठेवत नाही,
सगळ्या अंगाला वाटून टाकतं,
म्हणून वितळायला वेळ लावतं.
कार्बाइडचे दाणे काही केल्या हटत नाहीत.
त्यांना धरून ठेवणारा कोबाल्ट आधी जातो,
मग दाणे एकेक करून सुटतात.

एवढं सांगून मिस्तरी थांबले होते,
चष्मा पुसत, बराच वेळ.
त्याच आठवड्यात कासोद्याला त्यांची आई गेली होती
आणि तेराव्याच्या आधीच भावांनी
शेतात टेप धरला होता.
हे मला फार नंतर कळलं.

आता त्यांना ऐकू येत नाही.
तीस वर्षं शेजारी पॉवर प्रेस होता.
दिवाळीला आले, चालत्या मशीनपाशी उभे राहिले,
टाकीच्या पत्र्यावर तळवा ठेवला
आणि म्हणाले, "सूर जाड शे."
पाहिलं, तर काजळी साठली होती फटीत.
करंट उतरवला.
त्यांनी तळवा काढला नाही,
सूर बारीक होईपर्यंत.

साडेतीनला वीज गेली. शिवी दिली.
चार मिनिटांनी आली, परत शून्य धरलं.

पावणेपाचला टॅपचा गाभा संपला.
कडेच्या तीन पाकळ्या
सुईने हलवल्या, तर हलल्या.
चिमट्याने उचलल्या.
आटे शाबूत.
वरचा एक सोडून. त्यावर राखाडी डाग,
नखाला किंचित खरखरीत.
नट लावून पाहिला. बसतो.
डाग मात्र दिसतो,
माहीत असलं तर.

काडीचं टोक झिजून बोथट झालंय,
जळक्या वातीसारखं.
ती फेकली नाही, ड्रॉवरमध्ये ठेवली,
तिथे अशा सतरा आहेत.
कळण्याची भाकरी तेलकट हातांनीच खाल्ली.
ठेचा राहिला, मिरची आज सोसेना.

शेठ नऊला येतात.
तीन पाकळ्या टेबलावर, त्यांच्या वहीपाशी ठेवल्यात.
झाकून ठेवाव्या का,
ते अजून ठरत नाही.