शनिवार, दहा ते चार

दहाला जुने पाहुणे निघतात, चारला नवे येतात.
मधले सहा तास घर माझं.

किल्ली दाराशेजारच्या पेटीत. पेटीचा आकडा
दर आठवड्याला बदलतो, मी बदलत नाही:
एलुनेद प्रॉबर्ट, वय एकसष्ट,
व्हॅनमध्ये आठ चादरी, बारा अभ्रे,
आणि उजवा गुडघा, जो दगडी जिना
पायरी पायरी मोजून घेतो.

हे घर मेंढपाळाचं होतं.
टेकडीवर मेंढ्या अजून आहेत.
भिंतीतल्या पावाच्या भट्टीत आता राउटर बसलाय,
हिरवे डोळे मिचकावत.
डुकराच्या खोपटाच्या जागी गरम पाण्याचा टब,
रात्री त्यात माणसं गळ्याइतकी बुडून तारे बघतात.
हसू नये.
डुकरंही तिथं सुखातच होती.

ऑक्टोबर सरत आला.
बीचच्या तांबूस पानांनी वाट बुजलीय, मी झाडते;
लोक पानगळ बघायला पैसे मोजतात
पण चाकांच्या बॅगेला ती आडवी येते.
मायकलमस उलटला की ब्लॅकबेरी तोडू नये,
सैतान त्यांवर थुंकून जातो, असं आई म्हणायची.
पाहुणे वाडगे भरभरून तोडतात.
माहितीपत्रकात सैतानाचं नाव नाही.

चादरींची भाषा मला येते.
कोण कुणाकडे पाठ करून झोपलं,
कुठलं पोर मध्यरात्री मधे येऊन शिरलं,
कुणी सोफ्यावर रात्र काढली
आणि सकाळी पांघरुणाची घडी घालून ठेवली,
नको तितकी नीट.

या आठवड्यात मिस्टर ऑसगुड. बुकिंग दोघांचं.
पलंगाची डावी बाजू चुरगळलेली.
उजवीकडची उशी
गेल्या शनिवारी मी फुगवून ठेवली तशीच,
तिच्यावर सोनेरी कागदातलं चॉकलेट.
दोन ठेवते मी. एकच खाल्लेलं.

खाली येऊन कचरा उपसला.
चहाच्या पुड्या मोजायच्या नव्हत्या, मोजल्या गेल्या:
चौदा.
खिडकीच्या कट्ट्यावर एक कप,
काठोकाठ, गार, वर साय धरलेली.
आणि दोन खुर्च्या, शेकोटीला पाठ करून,
काचेकडे तोंड.

वहीत लिहिलंय:
‘आम्हाला फार आवडलं.
मंगळवारी विनीला कुंपणावर फेझंट दिसला.
दुपारभर खिडकी सोडली नाही तिनं.’
अक्षर एकाचंच. सही दोघांची.

रिकामं घर खायला उठतं म्हणतात.
हे नाही उठत. दर शनिवारी रिकामं व्हायची
त्याला सवय आहे.
तरी मी बसले,
कपासमोरच्या नव्हे, दुसऱ्या खुर्चीत,
कामाच्या वेळात, हातमोजे न काढता.
दरीतून धुकं वर चढत होतं.
कुंपणावर कुणी नव्हतं.

माझा नवरा आहे. घरी, टीव्हीसमोर.
त्याचा चहा मी ओट्यावर ठेवते आणि हाक मारते,
तो येतो तेव्हा मी व्हॅनमध्ये असते.
शेजारी बसून शेवटचा कधी प्यायलो
ते आठवायला गेले
तर आधी फक्त त्या कपांचा रंग आठवला, निळा,
आणि ते फुटूनही किती वर्षं झाली.

तीन वाजून वीस.
चारला ब्रिस्टलहून चौघं येणार, सोबत कुत्रा.
कप धुतला. साय चिवट होती, बोटानं काढावी लागली.
नवा जॅम, नवी लाकडं, उश्यांवर नवी चॉकलेटं.
खुर्च्या पुन्हा शेकोटीकडे वळवल्या,
जाहिरातीतल्या फोटोत आहेत तशा.
एक जरा तिरपी राहिली.
राहू दे.

विनीचं चॉकलेट खिशात टाकलंय.
नियमात बसत नाही.
ग्विलिमला डॉक्टरनं गोड बंद केलंय,
अर्धंच देईन.