बसणाऱ्यांसाठी

छातीवर चार टाचण्या, क्रमांक दोन हजार एकशे सात.
पाठीवर तुझं नाव, एमरिस,
मीच मार्करनं लिहिलेलं,
जागा पुरली नाही म्हणून शेवटचं अक्षर
काखेकडे सरकलंय.

हस खुशाल.
तू जन्मात कधी धावला नाहीस.
बस सुटताना दिसली तर
टोपी उचलून तिला निरोप द्यायचास,
‘दुसरी येतेच की,’ म्हणायचास.
बारमथमध्ये दुसरी बस तासाभरानं यायची.

एकतीस वर्षं तू बसलास.
खिडकीपाशी, ठेंगण्या तिपाईवर,
मांडीत कुणाचा तरी बूट, ओठांत खिळे.
कोण कुठे झुकून चालतं,
कुणाचा गुडघा कुरकुरतो,
कोण गुपचूप नाचायला जातं,
सगळं तळव्यांवरून कळायचं तुला.
ओठांत खिळे असल्यानं
बाहेर काही फुटायचं नाही.

माझे हे बूट तू अंगठ्यानं दाबून पाहिले असतेस,
‘यांना टाके कुठेयत?’ म्हणाला असतास,
आणि दुसऱ्याचं आजारी मांजर परत द्यावं
तसे हळूच परत केले असतेस.

सहाव्या मैलाला मेंढ्या.
दगडी गडग्यावरून टक लावून बघतात,
ही बाई कुणाला भिऊन पळतेय?

अकराव्याला म्हातारी तेगवेन,
फाटकाबाहेर खुर्ची टाकून, मांडीवर संत्र्याच्या फोडी.
‘एमरिसचीच ना तू?
आमच्या ह्यांच्या मयतीच्या आदल्या रात्री
माझी टाच बसवून दिली त्यानं,
पैसे राहिलेत.’
आणि ओल्या मुठीत पाच पौंडांची नोट कोंबते.
आता ही ठेवू कुठे? या चड्डीला खिसा नाही.
पुढचे पंधरा मैल नोट मुठीतच.
प्लास्टिकची आहे, घामानं विरघळत नाही.

अठराव्याला खाडीवरचा वारा समोरून.
मांड्यांत कुणीतरी ओली वाळू भरलीय.
माझी धाव खरं तर परसातल्या कुंपणापर्यंतची,
तीही कपडे वाळत घालायला.

तेव्हा शॉनेड आठवते.
रात्री अकराला दारावर दोन टकटक,
हातात विणकामाची पिशवी, पायांत मोजे,
बूट ती उंबऱ्याशीच काढायची.
‘तुम्ही झोपा,’ एवढंच.
औषध नाही, प्रार्थना नाही.
उजाडेपर्यंत तुझ्या उशाशी बसून राहायची.
त्या पहिल्या रात्री मी सात तास झोपले.
सकाळी त्या झोपेची लाज वाटली,
आणि रात्री पुन्हा झोपले.

एकदा तीनच्या सुमाराला जाग आली.
जिन्यातून ऐकलं,
तू तिला बुटाची जीभ कशी शिवायची ते सांगत होतास,
दम लागत होता, थांबत होतास,
ती म्हणत होती, ‘मग? मग पुढे?’
मला कधी सांगितलं नाहीस.
मी विचारलं नव्हतं.
तशीच बसून राहिले पायरीवर, अंधारात.

वर्गणीच्या हिशेबानं एकेचाळीस रात्री झाल्यात.
कुणाच्या, ठाऊक नाही.
कुठल्यातरी घरात कुणीतरी झोपेल,
आणि दुसरं कुणी खुर्ची ओढून बसेल.
तेविसाव्याला मी एवढंच घोकत होते,
एक खुर्ची, एक खुर्ची,
आणि पाय ऐकत होते.

बंदरावर बँड वाजत होता. कुणीतरी गळ्यात पदक घातलं.
मी तेगवेनची नोट बादलीत टाकली.
मूठ लवकर उघडेना.

मग धक्क्याच्या कठड्यावर बसले.
लेस सोडायला बराच वेळ लागला.
एक नख काळं पडलंय.
बूट उलटा करून मांडीत घेतला, तू घ्यायचास तसा,
आणि पाहिलं,
उजवी टाच बाहेरच्या बाजूनं झिजलीय,
चांगली बोटभर तिरकी.

इतकी वर्षं मी अशी चालत होते.
तुला माहीत असणार.