गिळल्यावर काहीतरी बोल

सकाळी साडेआठ. फ्रेझरबर्गचं बंदर
अजून अर्धं काळोखात, आणि औषधांच्या खिडकीत
हिरवं मेथाडोन मी मोजते.
साठ मिलिलिटर. रेघेच्या पातळीला डोळा आणून.
आई दूध मोजायची तसं नाही.
तिला थेंबभर जास्त चालायचं.

गॅविन कार्डनो, वय एकेचाळीस.
जन्मतारीख रोज विचारते, तो रोज सांगतो,
जणू परवाच जन्मलाय आणि अजून खात्री नाही.
एका दमात पितो. तोंड वाकडं करतो. वर पाणी.
मग नियम असा, की माझ्यासमोर एक वाक्य बोलायचं,
म्हणजे कळतं तोंड रिकामं आहे,
गालात दडवून बाहेर विकायला काही नेत नाही.

नियम कुणी लिहिला ठाऊक नाही.
त्याला जबडा उघडलेला हवा होता,
वाक्य कसलं, ते त्यानं लिहिलेलं नाही.

पहिले तीन आठवडे गॅविन म्हणायचा, "झालं."
मग, "थंडी आहे."
मग एका मंगळवारी, "मॅकरेलला भाव नाही यंदा."
नोव्हेंबरात: "धक्क्यापाशी सील आला होता, म्हातारा,
माझ्याकडे असा बघत होता की मीच त्याचे पैसे बुडवलेत."
मी हसले. मागची रांगही हसली.

मार्चमध्ये, पेला खाली ठेवता ठेवता:
"रॉरीला पहिल्यांदा मीच दिलं होतं. माझ्या भावाला."
मागे चारजण उभे.
मी म्हणाले, "उद्या ये."
एवढंच म्हणाले.

तो दोन दिवस आला नाही.
तिसरा दिवस चुकला, तर जुना डोस देता येत नाही;
शरीर विसरतं, मन विसरत नाही,
आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत माणूस जातो.
कोटाच्या खिशात नॅलोक्सोनचा फवारा चाचपत
मी दुपारभर दार बघत होते.
बंद करायला पाच मिनिटं असताना आला.
प्यायला. पाणी प्यायला.
बोलला नाही. फक्त आ वासला,
जीभ वर, जीभ खाली,
शाळेत तपासणीला उभ्या पोरासारखा.
मी "ठीक" असं लिहिलं.

साठवरून तीसवर यायला उन्हाळा गेला.
मग एका सोमवारी दुसरं औषध,
त्यासाठी छत्तीस तास कोरडं राहून यायचं.
आला तो जांभया देत, नाक पुसत,
पाय जागच्या जागी चालत होते.
मी नाडी मोजली. बाहुल्या पाहिल्या.
दंडावर त्याच्या काकाची बोट गोंदलेली,
शिडापासून तळापर्यंत काटा आलेला.

गोळी जिभेखाली ठेव, म्हणाले. आता बोलायचं नाही.
बोललास तर पोटात जाईल, वाया जाईल.
म्हणजे मूग न गिळता गप्प बसायचं.

सात मिनिटं.
वर्षभर ज्याला बोलतं करत होते
त्याच्यासमोर मिठाची गुळणी धरून मीही बसले.
भिंतीवरचं घड्याळ. बाहेर क्रेनचा आवाज.
त्यानं एकदा बोट उचलून खिडकीबाहेर दाखवलं.
सील नव्हता. नुसतंच पाणी होतं.
पाऊण तासानं बोटीवरचा काटा बसू लागला,
आधी शीड, मग वल्ही, मग समुद्र.

आता महिन्यातून एकदा येतो, पोटावर इंजेक्शन घेतो.
कामावर जातो म्हणे, बर्फाच्या कारखान्यात.
सुईला वाक्य लागत नाही.
फाइलमध्ये मी "स्थिर" लिहिते आणि ते खरं आहे,
आणि साडेआठला माझा कान उगाच उभा राहतो.

त्याच्या वेळेला आता आयोना येते. एकोणीस वर्षांची,
कफनीएवढा स्वेटर, नखं कुरतडलेली.
पिते. पाणी पिते.
"झालं," म्हणते, माझ्याकडे न बघता.

असू दे.
मॅकरेलपर्यंत पोचायला वेळ लागतो.